शेवटची सही कोणाची?

भुसावळ जंक्शनच्या फलाटावर एकटे मूल सापडले, तर पुढे काय व्हायला हवे, हे कायद्याने तासांच्या हिशेबात लिहून ठेवले आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ प्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत ते मूल बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असावी लागते, आणि समितीने महिन्यातून किमान २० दिवस बसले पाहिजे. मुलाची सामाजिक तपासणी १५ दिवसांत पुरी व्हायला हवी, अंतिम आदेश चार महिन्यांत निघायला हवा, आणि मूल ज्या बालगृहात ठेवले असेल तिथे जिल्हा तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा गेले पाहिजे. त्या समितीत किमान तीन माणसे असली पाहिजेत आणि त्यांत एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी हवा. इतक्या बारीक मुदती आपण रेशनच्या धान्यालाही लावलेल्या नाहीत. तरीही यांपैकी एखादी मुदत उलटली आणि त्या काळात मुलाचे काही बरेवाईट झाले, तर ती मुदत कोणाची उलटली, या प्रश्नाला खानदेशातल्या कुठल्याही कार्यालयात मला आजवर सरळ उत्तर मिळालेले नाही.

मी शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. निवृत्तीनंतर काही वर्षे एका बालगृहात दर रविवारी मुलींना गोष्टी वाचून दाखवायला जात असे. या विषयातले माझे ज्ञान या दोन ठिकाणचे आहे. बाकीचे कायद्याची पुस्तके आणि निकालपत्रे वाचून जमवलेले आहे. मी वकील नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

भुसावळचेच एक प्रकरण घ्यावे, कारण त्यात चूक नेहमीच्या दिशेने झालेली नाही. मे २०२३ च्या अखेरीस बिहारहून महाराष्ट्रातल्या मदरशांकडे रेल्वेने निघालेल्या ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाड या दोन स्थानकांवर उतरवून घेण्यात आले. बालतस्करीचा संशय होता. सोबतच्या पाच जणांना अटक झाली, ते काही आठवडे कोठडीत राहिले आणि मुले जळगाव व नाशिकच्या बालगृहांत सुमारे १२ दिवस ठेवली गेली. पुढे तपासात तस्करीचा पुरावा सापडला नाही आणि मार्च २०२४ मध्ये गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचे सांगून पोलिसांनी प्रकरण बंद केले. संशय आल्यावर गाडी थांबवणे हे यंत्रणेचे कामच आहे आणि त्याबद्दल मी तिला दोष देणार नाही. पण आईबापांनी स्वतः गाडीत बसवून दिलेली पोरे परक्या गावात, परक्या भाषेत बारा दिवस काढतात, तेव्हा ती खातरजमा आणखी लवकर का झाली नाही, हे कोणीतरी लिहून सांगायला हवे होते. प्रकरण बंद झाले म्हणजे उत्तर देऊन झाले, असे आपल्याकडे धरले जाते.

त्याच वर्षी जुलैमध्ये याच जळगाव जिल्ह्यात एरंडोल तालुक्यातल्या मुलींच्या एका बालगृहातील काळजीवाहकावर तिथल्याच मुलींवर अत्याचार केल्याचा गुन्हा दाखल झाला. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल. माझा प्रश्न आरोपीबद्दल नाहीच. दर तीन महिन्यांनी तपासणी करणारी समिती कायद्यात आहे, त्रैमासिक आढावा घेणारे जिल्हाधिकारी आहेत, मुलींची प्रकरणे ज्यांच्यापुढे चालतात ती बाल कल्याण समिती आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. इतक्या डोळ्यांसमोरून एखादी गोष्ट जाते कशी, हे समजून घ्यायचे असेल तर तपासणी म्हणजे प्रत्यक्षात काय असते, ते पाहिले पाहिजे.

ती मी दुसऱ्या एका ठिकाणी पाहिली आहे. मी जात होते त्या बालगृहात एका रविवारी पोचले, तर सगळ्या खाटांवर नव्या चादरी अंथरलेल्या होत्या आणि त्यांच्या घड्यांच्या रेषा अजून मोडलेल्या नव्हत्या. दर्शनी भिंतीवरच्या काळ्या फलकावर आठवड्याचा आहार खडूने लिहिलेला होता: सोमवारी उसळ, मंगळवारी अंडे किंवा केळे, बुधवारी वरणभात आणि पालेभाजी. अक्षर इतके सुरेख, की मी विचारले कोणाचे, तर सातवीतली एक मुलगी पुढे झाली. ती म्हणाली, "बाई, साहेब येणार असले की मलाच लिहायला लावतात. संध्याकाळी पुसून टाकायचं असतं." दुपारी पाहुणे आले. ते कार्यालयात बसले, चहा-पोहे झाले, हजेरीपट, साठा नोंदवही, वैद्यकीय नोंदवही अशा वह्या टेबलावर आल्या आणि ज्या पानावर बोट ठेवले गेले, त्या पानावर सही झाली. मग तीन मुलींना आत बोलावले. अधीक्षिका दारात उभ्या होत्या. "जेवण वेळेवर मिळतं ना? काही त्रास नाही ना?" मुली हो म्हणाल्या आणि नाही म्हणाल्या, जिथे जे म्हणायचे ते. भेटपुस्तकात काय लिहिले गेले ते मी नंतर वाचले. "व्यवस्था समाधानकारक. स्वच्छता चांगली. मुली आनंदी दिसल्या."

तिथे काही भयंकर घडत होते, असे मी म्हणत नाही. मला तसे काही दिसले नाही. पण भयंकर घडत असते, तरी त्या दुपारी शेरा हाच पडला असता. तपासणी करणाऱ्यांमध्ये डॉक्टर नव्हते. कोणीही मुलींशी अधीक्षिकेच्या नजरेआड बोलले नाही. आणि पुढे कधी काही उघडकीस आलेच, तर ही भेट झाली होती याचा पुरावा म्हणून तेच पान दाखवले गेले असते.

याच्या नेमके उलट उदाहरण बिहारमधले आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटाने राज्यातल्या ११० निवारागृहांचे सामाजिक लेखापरीक्षण केले आणि २०१८ मध्ये अहवाल सरकारला दिला. मुझफ्फरपूरच्या मुलींच्या निवारागृहातले अत्याचार त्यामुळे बाहेर आले. या गटाकडे झडतीचे अधिकार नव्हते की छाप्याचे. संस्थाचालकाच्या खुर्चीसमोर न बसता ती माणसे मुलींजवळ बसली, एवढेच. पुढे सर्वोच्च न्यायालयाने खटला दिल्लीला हलवला आणि २०२० मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. या प्रकरणातही राज्य सरकारने सुरुवातीला गुन्ह्यांची कलमे सौम्य लावली, यावरून न्यायालयाने फटकारले होते. ज्या सरकारने लेखापरीक्षण करवून घेतले, त्याच सरकारला त्याचा निष्कर्ष पचवणे जड गेले, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोलके वाटते.

महाराष्ट्राला दूर बघायचीही गरज नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराच्या प्रकरणात तक्रार नोंदवून घ्यायला उशीर झाला, लोक रेल्वे रुळांवर उतरले, मगच हालचाल झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने माहिती मिळूनही पोलिसांना कळवले नाही, याबद्दल तिच्यावर गुन्हा का नाही, असे विचारले. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यात अत्याचाराची माहिती असूनही न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल न कळवल्यास एका वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणजे बारा वर्षे जुने कलम लावून घेण्यासाठी उच्च न्यायालयाला विचारावे लागले.

जळगावकरांना तर १९९४ चे लैंगिक शोषणाचे प्रकरण आठवत असेल. ज्यांना तेव्हा कळते वय होते, त्यांना पोलीस अधिकारी मीरा बोरवणकर यांचे नाव त्या तपासामुळे माहीत झाले. कोवळ्या मुलींना ब्लॅकमेल करून चाललेला तो प्रकार शहरातल्या बऱ्याच जणांच्या कानावर होता, पण पुढे येऊन बोलायला कोणी धजावत नव्हते, आणि खटले उभे राहिले तरी शेवटी बहुतेक आरोपी सुटले. तेव्हा पोक्सो नव्हता, माहिती दडवणे हा गुन्हा नव्हता. आता दोन्ही आहे. पण बोलणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणारे कार्यालय कोणते, हे तेव्हाही ठाऊक नव्हते आणि आजही सामान्य माणसाला ठाऊक नाही.

यंत्रणा उत्तर का देत नाही याचे कारण केवळ दुष्टपणा किंवा भ्रष्टाचार असते, तर गोष्ट सोपी झाली असती. मोठे कारण असे, की या कामाला स्वतःची खुर्ची असलेला माणूसच फारसा नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बहुतेक माणसे कंत्राटी, मानधनावरची आहेत आणि दरवर्षी मुदतवाढीच्या पत्राची वाट पाहतात. बाल कल्याण समितीचे सदस्य सरकारी नोकर नाहीत. त्यांना बैठकीमागे भत्ता मिळतो, मुदत संपली की नव्या नेमणुका होईपर्यंत समितीचा कारभार शेजारच्या जिल्ह्यावर टाकला जातो. अधिकाऱ्याच्या पदावर प्रभारी असतो आणि त्याच्याकडे आणखी दोन पदांचा अतिरिक्त कार्यभार असतो. बालगृह चालवते स्वयंसेवी संस्था, पैसा देते सरकार. मूल बिघडले, आजारी पडले, पळून गेले, तर यातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो आणि गंमत अशी, की प्रत्येकाचे बोट थोडेफार बरोबर असते. शेवटी कारवाई जिथे रेटा सोसण्याची ताकद सर्वांत कमी, तिथे येऊन थांबते. एखादी अधीक्षिका निलंबित होते, एखाद्या अंगणवाडी सेविकेला कारणे दाखवा नोटीस जाते. ज्याने तपासणीच्या कोऱ्या नमुन्यावर न जाताच सही केली, त्याची बदली होते, आणि तीही बहुधा सोयीच्या ठिकाणी.

नंदुरबारच्या बाजूला गेले, की हा गुंता आणखी वाढतो. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतली हजारो मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. आईवडील ऊसतोडीला, बांधकामावर गुजरातेत गेलेले असतात, त्यामुळे वर्षातले कित्येक महिने आश्रमशाळा हेच त्या मुलांचे घर असते. पण ही शाळा महिला व बालविकास विभागाखाली नसून आदिवासी विकास विभागाखाली येते. तिथले मूल तापाने फणफणले तर प्रश्न आरोग्य विभागाचा होतो, विजेचा धक्का लागला तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा, आणि सर्पदंश झाला तर नशिबाचा. डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने २०१६ मध्ये राज्यातल्या आश्रमशाळांमधील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास केला होता. त्याच वर्षी बुलढाणा जिल्ह्यातल्या पाळा येथील आश्रमशाळेतल्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण गाजले आणि विशेष तपास पथक नेमले गेले. दर वेळी अहवाल येतो, दर वेळी शिफारशी येतात. मुलाच्या पालकांना सानुग्रह अनुदान मिळते आणि त्यातच विषय संपवला जातो. अनुदान देताना शासन काहीही कबूल करीत नाही, ही त्यातली खरी अडचण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा प्रकरणात, पोलीस कोठडीत मुलगा गमावलेल्या आईला दीड लाख रुपये देण्याचा आदेश दिला, तेव्हा स्पष्ट सांगितले होते, की मूलभूत हक्काचा भंग झाला असेल तर सरकारला सार्वभौमत्वाची ढाल पुढे करता येणार नाही. शासनाच्या ताब्यातल्या मुलाला हे तत्त्व लागू पडत नाही, असे कोण म्हणेल? तरी आश्रमशाळेत लेकरू गमावलेला धडगावचा पावरा आदिवासी बाप उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत पोचत नाही, आणि तो पोचत नाही हे सर्वांना माहीत असते.

बालविवाहाच्या बाबतीत तर मी स्वतः या साखळीतला एक दुवा होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. आमच्या धुळे जिल्ह्यात हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. शाळेच्या हजेरीपटावर हे आकडे दिसत नाहीत. तिथे आठवीतल्या एखाद्या मुलीच्या नावापुढे दिवाळीनंतर गैरहजेरीच्या खुणांची ओळ लागते, मग "स्थलांतरित" असा शेरा पडतो, आणि पट जुळतो. अशाच एका मुलीसाठी मी ग्रामसेवकांकडे गेले होते, कारण ग्रामीण महाराष्ट्रात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच आहेत. ते भले गृहस्थ होते. त्यांच्याकडे घरकुलांच्या याद्या होत्या, पाणीपट्टीची वसुली होती, दोन ग्रामपंचायती होत्या. मुलीच्या चुलत्याने ओट्यावर बसूनच आम्हा दोघांना सांगितले, "बाई, आते लगीन व्हई गयं. पोरले माघारी आनीसन काय करशात?" ग्रामसेवकांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांच्या नजरेतही तोच प्रश्न होता. मी लेखी अर्ज दिला, त्यांनी पोच दिली. त्या अर्जाचे पुढे काय झाले, हे मला कोणी कळवले नाही आणि कळवणे कोणावर बंधनकारकही नव्हते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात चांगल्या हेतूने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्याला संरक्षण देणारे कलम आहे. न केलेल्या कृतीबद्दल त्याला जाब विचारणारे कलम नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये बालविवाहांबाबत जे निर्देश दिले, त्यांत जिल्हा पातळीवर केवळ याच कामासाठी अधिकारी नेमावेत, त्यांच्यावर इतर कामांचा बोजा नसावा, असे म्हटले आहे. शिरपूरच्या त्या ओट्यावर उभ्या असलेल्या ग्रामसेवकांनी हे वाक्य वाचले असते, तर त्यांना हायसे वाटले असते.

माहितीच्या अधिकारात मी त्या बालगृहाच्या तपासणी अहवालांच्या प्रती मागितल्या, तेव्हा उत्तर आले, की सदर माहिती दिल्यास बालकांच्या गोपनीयतेस बाधा येईल, सबब देता येत नाही. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते, आणि ते अत्यंत आवश्यक कलम आहे; त्यासाठी मी भांडेनही. पण फलकावर आहार लिहिलेला होता की नाही, समितीत डॉक्टर होते की नाही, मागच्या भेटीतल्या त्रुटी दूर झाल्या की नाही, यात कोणत्या मुलाची ओळख आहे? माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० मध्ये नावे झाकून उरलेला भाग देण्याची सोय आहेच. मुलांसाठी विणलेली चादर संस्थेच्या आणि कार्यालयाच्या अंगावर ओढून घेतली जाते, आणि मुले मात्र उघडीच राहतात. पहिले अपील फेटाळले गेले. दुसरे राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे आहे, आणि तिथली रांग ज्यांना माहीत आहे त्यांना अधिक सांगायला नको.

बाल न्याय कायद्यातल्या, १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात या साऱ्या यंत्रणेची सूत्रे आणखी घट्ट दिली आहेत. दत्तकाचे आदेश आता तेच काढतात, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती यांच्या कामावर त्यांचीच देखरेख आहे, आणि समितीच्या कामकाजाविरुद्धची तक्रारही त्यांच्याकडेच करायची आहे. याच दुरुस्तीने तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र केले. संस्थेतल्या माणसाने ताब्यातल्या मुलाशी केलेल्या क्रूरतेला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे तोही त्यात आला, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना आता त्याचा तपास करता येत नाही. एका हाताने जबाबदारी एका खुर्चीवर आणली आणि दुसऱ्या हाताने पोलीस ठाण्याचा दरवाजा अर्धा लोटला, असे हे झाले. दुसऱ्या भागाबद्दल मला राग आहे. पहिल्याचा मात्र उपयोग करून घ्यायचा, असे मी ठरवले आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांसाठी मी एकच अर्ज तयार केला आहे. त्यात एकाही मुलाबद्दल काहीही विचारलेले नाही. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक बालगृहाला तपासणी समितीने मागील वर्षात कोणकोणत्या तारखांना भेट दिली, किती वाजता आत गेली आणि किती वाजता बाहेर पडली, कोणत्या पदावरची माणसे होती, वैद्यकीय अधिकारी उपस्थित होते का, मुलांशी कर्मचाऱ्यांच्या अनुपस्थितीत बोलणे झाले का, त्रुटी कोणत्या लिहिल्या गेल्या आणि त्या दूर झाल्याची खात्री कोणाच्या सहीने झाली, एवढेच विचारले आहे. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून झाले आहेत. नंदुरबारचा अर्ज पोस्टाने पाठवीन. धुळे आणि जळगावचे स्वतः जाऊन देणार आहे, कारण आवक विभागातल्या शिक्क्यावर तारीख स्पष्ट उमटली आहे की नाही, हे तिथे उभे राहूनच पाहावे लागते.